तडी म्हणजे थांब

आमच्या देवाला तीनच शब्द येतात. हो, नाही आणि थांब. त्यातले पहिले दोन त्यानं माझ्या धाकट्या जावेसाठी राखून ठेवलेत आणि तिसरा माझ्यासाठी. हे मी रागानं बोलतेय असं कुणाला वाटेल. रागानंच बोलतेय.

देव म्हणजे मल्लय्या. मूळ देऊळ अक्कलकोटच्या खाली, पार कर्नाटकच्या हद्दीला. सोलापूरच्या आमच्या घरात, स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या खोलीत त्याचा पितळी मुखवटा आहे. वटारलेले डोळे, झुपकेदार मिशा आणि गुबगुबीत गाल. घरात काही अडलं की सोमवारी सकाळी त्याला विचारायचं, ही इथली पद्धत. शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून त्याच्या दोन गालांवर लावायच्या, समोर तुपाचं निरांजन लावायचं, पंखा बंद करायचा आणि हात जोडून बसायचं. उजव्या गालावरची पाकळी पडली की हो, डाव्या गालावरची पडली की नाही. निरांजन विझेपर्यंत दोन्ही जागच्या जागी राहिल्या तर थांब. मग पुढच्या सोमवारी पुन्हा विचारायचं.

उजवा म्हणजे देवाचा उजवा बरं का. आपण त्याच्या तोंडासमोर बसतो, त्यामुळं तो येतो आपल्या डाव्या हाताला. माझ्या माहेरी, वैरागला, नेमकं उलटं होतं. तिथं आपला उजवा तोच देवाचा उजवा धरायचे. माझं पुढं जे काही झालं ते एवढ्याशा गोष्टीवरून झालं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

लग्न होऊन आले तेव्हा मला कानडीचा एक शब्द कळत नव्हता, आणि सासूबाई अर्धं बोलणं कानडीत करायच्या. त्यांना घरात सगळे अव्वा म्हणतात. पहिल्याच वर्षी मी देवाला विचारलं, मास्तरणीच्या कोर्सला जाऊ का? निरांजन विझलं, पाकळ्या होत्या तशाच. अव्वा म्हणाल्या, "तडी." मला वाटलं, काम तडीस गेलं! मी पाकिटातले माहेरचे पैसे काढले, अर्धा किलो पेढे आणले आणि सगळ्या गल्लीत वाटून आले. बायकांनी खाल्ले, अभिनंदन केलं. संध्याकाळी नवरा कामावरून आला आणि पोट धरून हसला. "अगं, कानडीत तडी म्हणजे थांब!"

ते थांब पुढं इतकं लांबलं की मुलगी झाली, ती पाटी घेऊन शाळेत जायला लागली, आणि शेवटी मीच विचारायचं सोडलं. कोर्स राहिला तो राहिलाच.

धाकटी जाऊ माझ्यानंतर दोन वर्षांनी आली. अक्कलकोटकडची, तोंडात खडीसाखरेसारखी कानडी. मल्लय्याशी त्याच्याच भाषेत बोलणार, मग काय विचारता! तिनं पहिल्यांदा विचारलं ते, ती राहते त्या वरच्या मजल्यावर शिलाई मशीन टाकू का म्हणून. हात नीट जोडायच्या आधी उजवी पाकळी टप्‌कन खाली. पुढं तिच्या नवऱ्याची कुर्डुवाडीला बदली व्हायची होती. तिकडं राहायला जायचं का, असं तिनं विचारलं, तर डावी पाकळी तितक्याच चटकन पडली. म्हणजे नाही म्हणाला तरी तिला तो लटकत ठेवत नाही. माणूस मोकळा होतो, कामाला लागतो. मी मात्र उकाड्यात पंखा बंद करून, घामानं चिंब होऊन निरांजन विझायची वाट बघायची.

मी जळत होते. सरळ सांगते, जळत होते. तिची शेंगांची चटणी माझ्यापेक्षा खमंग व्हायची त्यावर जळत होते, तिचे केस कमरेखाली होते त्यावर जळत होते. ती पाणी जास्त लावते म्हणून पाकळी घसरते, अशी मी मनाशी बरीच वर्षं समजूत घातली. एकदा चोरून नीट बघितलं. माझ्याएवढंच लावत होती. आणि वर स्वभावानं चांगली. भांडकुदळ असती तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते, पण तीही सोय नाही. "अक्का, अक्का" करत दिवसभर माझ्या मागं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला स्थळ आलं. मुलगा पुण्यात इंजिनिअर, स्वतःचा फ्लॅट, आईवडील इथंच सोलापुरात, आमच्याच समाजातले. मुलाच्या आईनं कुणाच्या तरी साखरपुड्यात माझ्या मुलीला पाहिलं होतं. बघायचा कार्यक्रम झाला. मुलगी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, त्याबद्दल त्यानं काही विचारलं. ती मान खाली घालून हो, नाही एवढंच बोलली. मला वाटलं, लाजतेय. दोन दिवसांत त्यांचा होकार आला आणि मला तर आभाळ ठेंगणं झालं. पहिल्यांदा, आयुष्यात पहिल्यांदा, वरच्या मजल्याच्या आधी काहीतरी खालच्या मजल्यावर आलं होतं.

अव्वा म्हणाल्या, "पद्धतीपरमानं इचार. देवाला इचारल्याबिगर शबुद द्यायचा न्हाय." त्यांचा हात थरथरायला लागल्यापासून पाकळ्या लावायचं काम थोरली म्हणून माझ्याकडं आलं होतं. पहिल्या सोमवारी निरांजन विझलं, पाकळ्या तशाच. तडी. दुसऱ्या सोमवारी तडी. तिसऱ्या सोमवारी मी निरांजनात तूप जास्त घातलं, तरी तडी. मुलाच्या आईचा फोन आला. आवाज गोड, पण शब्दांना धार होती. "तुमची पद्धत आहे, ठीक आहे, विचारा की. पण आम्हालाही आणखी एका ठिकाणाहून विचारणा आहे. या सोमवारनंतर मात्र आम्हाला थांबता यायचं नाही." फोन ठेवला आणि देवघराकडं बघून मी म्हणाले, "ऐकलंस?"

चौथ्या सोमवारी सकाळी गंध उगाळायला बसले. ते गंध दाट झालं. झालं म्हणजे काय, मी केलं. खोटं कशाला बोलू? मनाशी हिशेब असा, की हो म्हण म्हणून मी देवावर जबरदस्ती करत नाहीये. फक्त नाही म्हणायची वाट बंद करतेय. हो म्हणाला तर सोनंच. थांब म्हणाला तर त्या बाईच्या हातापाया पडून आणखी आठ दिवस मागून घेईन. पण नाही नको. डाव्या पाकळीच्या पाठीमागं वाटाण्याएवढा गंधाचा गोळा लावायचा, उजवीला नुसतं पाणी. एवढंच करायचं होतं.

मागं पाटावर अव्वा, दाराशी जाऊ, शेजारी मुलगी. तिघींच्या नजरा माझ्या हातांवर. पदराआडून गोळा लावला, एक पाकळी दाबून बसवली, दुसरी पाण्यानं अलगद चिकटवली. निरांजन लावलं. हात जोडले. पंखा बंद, त्या खोलीत श्वास घ्यायलाही हवा नव्हती.

पाकळी पडली. माझ्या उजव्या हाताची. मी आनंदानं ओरडलेच, "पडली! पडली!" आणि डोकं टेकवलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मागून अव्वा शांतपणे म्हणाल्या, "डावी पडली."

डोकं वर करायलाही मला वेळ लागला. पंचवीस वर्षं या घरात काढली, शेकडो वेळा या मुखवट्याला पाकळ्या लावताना पाहिल्या. पण हात घाबरला की माहेरचा होतो. मी माझ्या डाव्या हाताची पाकळी गंधानं चिकटवली होती. म्हणजे देवाचा उजवा गाल. म्हणजे हो! नाही म्हणायला त्याला मी दार सताड उघडं ठेवलं होतं.

आता बोलणार काय? अव्वा, हे धरू नका, मी दुसरी पाकळी चिकटवून ठेवली होती, असं म्हणू? जाऊ आत आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला. "अक्का, देवाच्या मनात दुसरं काही असेल." तिचा तो हात मला चटक्यासारखा लागला. त्याच दुपारी नवऱ्यानं नकार कळवला.

आठ दिवसांनी त्याच बाईंचा फोन आला, जावेला. तिचीही मुलगी लग्नाला आली होती. तुमची मुलगी दाखवता का? जाऊ खाली आली, माझ्यासमोर खाली मान घालून बसली. "अक्का, तुम्ही नको म्हणा, मी देवाला विचारणारसुद्धा नाही." आता बघा! हिनं आपलं गुपचूप उरकून टाकलं असतं तर मला निदान हक्कानं रुसता आलं असतं. मी म्हणाले, "विचार की, त्यात काय?" आणि मनात म्हणाले, तडी दे रे मल्लय्या, एकदा तरी हिला तडी दे. सोमवारी निरांजनाची ज्योत स्थिर व्हायच्या आत तिची उजवी पाकळी खाली आली. देवाच्या उजव्या गालावरची.

लग्न झालं. मी पंगतीत हुग्गी वाढली, गव्हाच्या खिरीची जड बादली घेऊन अख्खा मांडव फिरले, हसून हसून जबडा दुखला. माझ्या मुलीनं नवरीची मेंदी काढली, शिवाय नाचली. तिचं ते नाचणं बघून मला तिचाही राग आला. अगं, तुझं व्हायचं लग्न होतं ते, नाचतेस काय?

त्यानंतर मोबाइलवर फोटो यायला लागले. पुण्याची बाल्कनी, बाल्कनीतल्या कुंड्या, लिफ्टमधल्या आरशासमोर दोघं. जाऊ चष्मा लावून एकेक दाखवायची, "अक्का, हे बघा," आणि मी बघायची. मी वाईट चिंतलं का? हो, चिंतलं. पुतणी पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी खुपतंय का ते शोधत होते. सासू बोलते का, नवरा उशिरा येतो का, आडून आडून विचारलं. काही नव्हतं. जरा गाल वर आले होते तेवढे. तिचं छान चाललंय, आजही छानच चाललंय. बिनसलं असतं तर देवानं माझ्या मुलीला वाचवलं असं म्हणून मी गप्प बसले असते. तेवढंसुद्धा त्यानं मला दिलं नाही.

मल्लय्याशी मी अबोला धरला. पूजा करायची, कारण थोरल्या सुनेचं काम. पाणी, फूल, निरांजन, सगळं वेळेवर. पण नजरेला नजर द्यायची नाही. त्यानं माझं खोटं पकडलं असेल तर ठीक, पण मग चौघांत पकडायचं होतं, शिक्षा करायची होती. हे काय, की चूक माझी आणि जन्मभर सांगायची चोरी.

या उन्हाळ्यात मुलीनं भाकरी थापता थापता सांगितलं, "आई, लॅबमध्ये एक मुलगा आहे." माझ्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. तेलुगू. वडील टॉवेलच्या मागावर काम करतात. आईनं विड्या वळून पोरं शिकवली. शहराच्या पूर्व भागात दोन खोल्यांचं घर. मी एकेक ऐकत गेले आणि अंगाची लाही लाही होत गेली. जातीचं मनात आलं नाही असं म्हणणार नाही, आलंच. पण खरं सांगू का, सगळ्यात आधी डोळ्यांसमोर काय आलं? लिफ्टमधला तो आरसा. तिच्या जावयाला लिफ्ट आणि माझ्या जावयाला माग! मी जावेला फोटो कसले दाखवू?

नवरा म्हणाला, अव्वाला विचार. मला वाटलं, अव्वा आकाशपाताळ एक करतील, म्हणजे माझं तोंड वाईट व्हायला नको. तर त्या म्हणाल्या, "मला काय इचारतीस? सोमवारी देवाला इचार की. मी काय देवापेक्षा मोठी हाय व्हय?"

रविवारी संध्याकाळी मुलगी मुखवटा घेऊन मोरीपाशी बसली. चिंचेनं घासून पितळ लख्ख करायचं काम तिचं. मी बाजूला तांदूळ निवडत होते. माझ्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. या वेळी कुठल्या गालाला गंध लावायचं हे मला पक्कं ठाऊक होतं. हात चुकणार नव्हता. हो चिकटवून टाकायचं. मग नाही पडेल, नाहीतर तडी. तडी तडी करत दोन वर्षं काढली की पोरीचं खूळ आपोआप उतरेल.

ती घासता घासता हळूच म्हणाली, "आई, उद्या पण लावशील ना गंध? या वेळी डाव्याला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय म्हणालीस?"

"मला ठाऊक आहे गं. त्या वेळी दुसऱ्या दिवशी मीच घासला होता मुखवटा. उजव्या गालावर पाकळी अशी घट्ट बसली होती, नखानं खरवडून काढावी लागली. मागं एवढा गंधाचा गोळा." ती खाली बघूनच बोलत होती. "तेव्हाही हाच होता, आई. मला सांगायचं धाडस नव्हतं. चार सोमवार मी तुझ्या शेजारी बसून देवाला म्हणत होते, थांबव, थांबव. आणि शेवटी तूच माझ्यासाठी हो चिकटवून ठेवलंस. एक शब्द न विचारता ओळखलंस. काकू वर इतकं मिरवत होत्या, तू सगळं गिळलंस, माझ्यासाठी. तुला थँक्यू म्हणायचं दोन वर्षं राहून गेलंय."

ताटातले तांदूळ मला दिसेनात. चार सोमवार. मी एका बाजूला बसून हो दे, हो दे म्हणत होते, आणि शेजारी टेकून बसलेली माझी पोरगी थांबव म्हणत होती. तीन सोमवार त्यानं तिचं ऐकलं होतं. मी मात्र त्याला बहिरा म्हणत होते.

गप्प बसणं सोपं होतं. मुलीच्या डोळ्यांत मी अशी उंच बसले होते की खाली उतरावंसं वाटेना. इतक्या वर्षांत माझ्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं. पण तिचा तो चेहरा बघवेना.

"अगं, मी तुझ्यासाठी नाही केलं," मी म्हणाले. "मी डाव्यालाच लावायला गेले होते. नाहीची पाकळी चिकटवायची होती मला. हात चुकला."

तिचा हात थांबला.

"आणि उद्या?" तिनं विचारलं.

"उद्या उजव्याला लावणार होते. बरोबर हातानं."

मला वाटलं, ही आता उठून जाईल. महिनाभर बोलणार नाही. ती रडली, पदर नव्हता म्हणून माझ्याच पदराला डोळे पुसले. मग मुखवटा धुऊन माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "मग कुठल्याच गालाला नको. नुसतं पाणी." सहाण तिनंच उचलून फळीवर वर ठेवली.

सोमवारी नुसतं पाणी. दोन वर्षांनी मी मल्लय्याच्या डोळ्यांत नीट बघितलं. हो दे म्हणाले नाही, नाही दे म्हणाले नाही. म्हणाले, तुला काय दिसतं ते तुलाच ठाऊक, मी आपली बसलेय. बसले. घाम कानामागून मानेवर आला. मुलीचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला होता. या वेळी ती काय मागतेय ते मला ठाऊक होतं. निरांजन फडफडलं आणि विझलं. दोन्ही पाकळ्या गालांवर होत्या तशाच.

"तडी," अव्वा म्हणाल्या.

मुलीनं ओठ दाबून धरला. दाराशी उभी असलेली जाऊ आत येऊन आमच्या शेजारी जमिनीवर टेकली आणि मुखवट्याकडं बघत कानडीमराठीत काहीतरी पुटपुटली. मी म्हणाले, काय गं? म्हणाली, "तुमचं बरं आहे, अक्का. तुमच्यासमोर हा तास तास बसतो. मला दोन मिनिटांत वाटेला लावतो. लग्न झाल्यापासून एकदा तरी माझ्याजवळ बसला असेल तर शपथ."

थट्टा नव्हती. डोळ्यांत पाणी होतं बाईच्या. हेवा कसा दिसतो ते मला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. मी बघितला की ओळखते.

मी पंखा लावला. मुलीला म्हणाले, "ऊठ. थांब म्हणालाय तो, नको म्हणाला नाही. त्या पोराला सांग, येत्या सोमवारी सकाळी इथं येऊन बस म्हणावं, आमच्याबरोबर. आईला घेऊन ये म्हणावं. पंखा बंद असतो तेही सांग." मग पाकीट काढून पैसे तिच्या हातावर ठेवले. "आणि लॅबमधून येताना अर्धा किलो पेढे आण. गल्लीत वाटायचेत."

अव्वांनी कपाळावर हात मारला. "येडी हाय का गं तू? इतकी वरसं झाली, तडी म्हंजे काय ते ठाऊक न्हाय व्हय अजून?"

"ठाऊक आहे की, अव्वा," मी म्हणाले.